जुना ई-रीडर ‘नोंदणी करा’वर अडकलाय? फॅक्टरी रिसेटला हात लावण्याआधी हे तपासा

लक्षणं ठरलेली असतात. वर्ष-दोन वर्षं कपाटात पडून असलेला ई-रीडर बाहेर काढला, चार्ज केला, सुरूही झाला. वाय-फायचं चिन्ह दिसतंय, पण दुकान उघडत नाही. सिंक फिरत राहतो आणि शेवटी ‘जोडता आलं नाही, नंतर प्रयत्न करा’ असा संदेश येतो. कंपनीच्या साहाय्य पानावर पाहावं तर या मॉडेलचं सपोर्ट संपलेलं. मग कुणीतरी सुचवतं, ‘एकदा फॅक्टरी रिसेट मारून बघ.’ रिसेट झाला की पडद्यावर ‘नोंदणी करा’ येतं, आणि नोंदणी करून घेणारा सर्व्हर तर या यंत्राशी बोलायलाच तयार नसतो. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

म्हणून सगळ्यात आधी एवढंच: रिसेट करू नका आणि यंत्र खात्यातून काढूही नका. सपोर्ट संपल्यावर यंत्राचा पडदा, मेमरी, बटणं यांना काही होत नाही. तुटतो तो फक्त कंपनीशी असलेला दुवा, आणि वाचायला त्या दुव्याची गरज फारच थोडी असते. रिसेट मात्र त्या तुटलेल्या दुव्यालाच घराच्या दाराशी आणून बसवतो. बिघाड आत नसून बाहेर असला, तर आतलं पुसून काहीच साधत नाही.

‘सपोर्ट संपलं’ म्हणजे नक्की काय तुटलं?

या एका वाक्याखाली चार वेगळे बिघाड दडलेले असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

पहिला प्रकार म्हणजे दुकान बंद होणं. सोनीने 2014 मध्ये अमेरिकेतलं रीडर स्टोअर बंद करून ग्राहक कोबो या दुसऱ्या ई-रीडर कंपनीकडे वळवले. ऑगस्ट 2022 मध्ये ॲमेझॉनने काही जुन्या किंडलवरून थेट पुस्तकं शोधण्याची आणि विकत घेण्याची सोय काढून घेतली. यात यंत्राचं बाकी काही बिघडत नाही. फक्त खरेदीची खिडकी मिटते.

दुसरा प्रकार मोबाइल नेटवर्कचा. किंडलच्या पहिल्या पिढ्यांमध्ये आणि मोठ्या पडद्याच्या किंडल डीएक्समध्ये वाय-फाय नव्हतंच, होतं ते फक्त मोबाइल नेटवर्क. ती जुनी नेटवर्क बंद होत गेली तशी ही यंत्रं हवेतून काही घेईनाशी झाली. त्यांच्यावर वाय-फायची सेटिंग शोधत बसू नका, ती नाहीच. त्यांना यूएसबी केबल हा एकच रस्ता.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा, कारण तो वाय-फायच्या बिघाडासारखा दिसतो. वेबसाइट खरी आहे की नाही हे यंत्र प्रमाणपत्रांवरून ठरवतं. विश्वासू प्रमाणपत्रांची यादी यंत्रातच भरलेली असते आणि अपडेट थांबले की ती यादी शिळी होते. 30 सप्टेंबर 2021 रोजी ‘डीएसटी रूट सीए एक्स 3’ या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा जगभरातली अनेक जुनी उपकरणं एका दिवसात कित्येक साइट उघडेनाशी झाली. त्याच वर्षी टीएलएस 1.0 आणि 1.1 हे जुने सुरक्षा प्रोटोकॉल अधिकृतपणे मोडीत निघाले. ज्या यंत्राला त्यापुढचा 1.2 येत नाही, त्याला बहुतेक सर्व्हर आज दारातूनच परत पाठवतात. वाय-फाय अगदी ठणठणीत असतं, अडतं ते पुढच्या पायरीवर.

चौथा म्हणजे चुकलेला अपडेट. 2012 आणि त्याआधीच्या किंडलना 22 मार्च 2016 पर्यंत एक अत्यावश्यक अपडेट घ्यायचा होता. त्या काळात जे यंत्र बंद पडून होतं ते नंतर आपोआप जोडलं जाईना. अपडेटची फाइल संगणकावर उतरवून केबलने यंत्राच्या सर्वांत वरच्या पातळीवर, कुठल्याही फोल्डरच्या आत नव्हे, अशी ठेवायची आणि सेटिंग्जच्या मेनूतून ‘अपडेट युवर किंडल’ निवडायचं. हा पर्याय फिकट दिसत असेल तर यंत्राला कामाची फाइल सापडलेली नाही: एकतर ती फोल्डरच्या आत पडलीय, नाहीतर दुसऱ्याच मॉडेलची आहे. मॉडेल नावावरून ठरवू नका, अनुक्रमांकाच्या सुरुवातीच्या अक्षर-अंकांवरून ठरवा. ‘पेपरव्हाइट’ या एका नावाखाली बऱ्याच पिढ्या आहेत.

मुळात सुरूच होत नसेल तर

पूर्ण उतरलेल्या बॅटरीचं किंडल पडद्यावर मोठी रिकामी बॅटरी आणि उद्गारचिन्ह दाखवतं. ते चित्र चार्जर लावल्यावरही बराच वेळ जात नाही आणि लोक यंत्र मेलं असं समजून मोकळे होतात. खोलवर उतरलेली लिथियम बॅटरी सुरुवातीला मुद्दामच अगदी कमी प्रवाहाने चार्ज केली जाते. त्यात ई-इंक पडद्याला चित्र धरून ठेवायला वीज लागत नाही, म्हणून जुनं चित्र दिसतंय याचा अर्थ यंत्र अडकलंय असा होत नाही. रात्रभर साध्या चार्जरवर ठेवा. सकाळी पॉवरचं बटण 40 सेकंद दाबून धरा. याने यंत्र फक्त पुन्हा सुरू होतं, काही पुसलं जात नाही.

चार्जिंगला लावण्याआधी मात्र यंत्र आडवं डोळ्यांसमोर धरून पाहा. मागचं झाकण फुगलेलं असेल, पडद्याच्या कडेची फट एका बाजूला रुंद झालेली असेल किंवा टेबलावर सपाट ठेवल्यावर यंत्र डुलत असेल, तर बॅटरी फुगली आहे. तिला चार्ज करायचं नाही, दाबायचं नाही, टोकदार हत्याराने उचकटायचं नाही. असं यंत्र थेट ई-कचरा संकलनाकडे द्यायचं. बॅटरी बदलायची झाल्यास जाणकाराकडून बदलून घ्यावी.

यंत्र सुरू झालं की दुसरं काहीही करण्याआधी तारीख बघा. बॅटरी पूर्ण उतरली की आतलं घड्याळही विसरतं, आणि बरीच यंत्रं 1970 पासून पुन्हा मोजायला लागतात. यंत्राच्या हिशेबी 1970 चालू असेल तर आजचं प्रत्येक प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेलं नाही’ आणि प्रत्येक सुरक्षित जोडणी नाकारली जाणार. तारीख-वेळ हाताने लावून एकदा सिंक करून पाहा. ‘सपोर्ट संपलं’ म्हणून बाजूला टाकलेली काही यंत्रं एवढ्यानेच चालू लागतात.

वाय-फाय जोडलंच जात नाही

जुने ई-रीडर फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरने दोन्ही बँड एका नावाखाली बांधले असतील किंवा सुरक्षा डब्ल्यूपीए 3 वर नेली असेल, तर यंत्राला नेटवर्क दिसत नाही, किंवा दिसतं पण पासवर्ड चुकला म्हणून सांगतं. राउटरवर वेगळं नाव देऊन 2.4 गिगाहर्ट्झचं, फक्त डब्ल्यूपीए 2 असलेलं नेटवर्क करा आणि चॅनेल 1, 6 किंवा 11 ठेवा. 12 आणि 13 हे चॅनेल काही यंत्रांना दिसतच नाहीत.

यासाठी पाहुण्यांचं नेटवर्क वापरणं सोपं वाटतं, पण पुढे नेमकं तिथेच घोडं पेंड खातं. पाहुण्यांच्या नेटवर्कवर उपकरणांना एकमेकांशी बोलू दिलं जात नाही, त्यामुळे खाली सांगितलेली संगणकावरून पुस्तकं घेण्याची युक्ती तिथे चालत नाही. तात्पुरतं काम असेल तर फोनचा हॉटस्पॉट 2.4 गिगाहर्ट्झवर ठेवून संगणक आणि ई-रीडर दोन्ही त्यालाच जोडावेत.

केबल, आणि मग बॅकअप

‘संगणकाला यंत्र दिसत नाही’ या तक्रारीत बहुतेकदा दोष केबलचा असतो. खूपशा मायक्रो-यूएसबी केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात. ज्या केबलने कधीतरी फोनमधले फोटो संगणकावर घेतलेत ती लावा. जुने किंडल, कोबो, नूक संगणकावर पेन ड्राइव्हसारखे दिसतात, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

दिसलं की सगळंच्या सगळं कॉपी करून ठेवा, लपवलेल्या फाइलींसकट. कोबोमध्ये ‘कोबो’ नावाचं, सुरुवातीला टिंब असलेलं फोल्डर असतं. मॅकवर ते सहजी दिसत नाही. पुस्तकांची यादी, खुणा, टिपा असं सगळं त्यातल्या डेटाबेसमध्ये असतं. किंडलवर ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर आणि त्यातली ‘माय क्लिपिंग्ज’ ही साधी मजकूर-फाइल विसरू नका. वर्षानुवर्षं अधोरेखित केलेल्या ओळी तिच्यातच असतात आणि त्या दुसरीकडे कुठे असतीलच असं नाही.

विकत घेतलेल्या किंडल पुस्तकांची गोष्ट वेगळी. 26 फेब्रुवारी 2025 पासून ॲमेझॉनच्या साइटवरून पुस्तक संगणकावर उतरवून केबलने चढवण्याचा पर्याय बंद झाला. जुन्या यंत्रात आधीपासून असलेली पुस्तकं त्या यंत्राच्या नोंदणीशी बांधलेली असतात. नोंदणी रद्द केली की ती उघडायची बंद होतात, आणि परत आणायला वाट उरलेली नसते. वर ‘खात्यातून काढू नका’ म्हटलं ते यासाठी. विमान मोड चालू ठेवला तर आहे ते जागच्या जागी राहतं.

कोबोवाल्यांसाठी एक खास गोष्ट, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. टच, मिनी, ग्लो, ऑरा एचडी अशा जुन्या कोबोंची ‘अंतर्गत मेमरी’ म्हणजे बोर्डावर बसवलेलं एक मायक्रो-एसडी कार्ड असतं. यंत्र मध्येच अडकत असेल, पुस्तकं उघडताना पुन्हा सुरू होत असेल, तर अनेकदा ते कार्डच थकलेलं असतं, आणि मागचं झाकण काढून ते बदलता येतं. पण नव्या कार्डावर फाइली कॉपी करून भागत नाही. यंत्राचा अनुक्रमांक आणि हार्डवेअरची माहिती कार्डाच्या अशा भागात लिहिलेली असते जो कुठल्याच फोल्डरमध्ये दिसत नाही. म्हणून अख्ख्या कार्डाची, पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत, इमेज म्हणजे हुबेहूब प्रत घ्यावी लागते आणि तीच नव्या कार्डावर उतरवावी लागते. जुनं कार्ड अजून वाचलं जातंय तोवर ही इमेज घेऊन ठेवा, मग पुढे काहीही बिघडलं तरी यंत्र परत उभं करता येतं. जुन्या ई-रीडरवर करायच्या कामांत मला हे सर्वांत मोलाचं वाटतं.

रिसेट आधीच होऊन गेला असेल तर

हातपाय गाळू नका. जुनी बटणांची किंडल नोंदणीशिवायही ‘डॉक्युमेंट्स’मध्ये टाकलेली, कुलूप (कॉपी-संरक्षण) नसलेली पुस्तकं उघडतात. नोंदणी पुढे ढकलायची आणि केबल लावायची.

कोबो पहिल्याच पडद्यावर अडत असेल, तर फर्मवेअर, म्हणजे यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअर, फार जुनं नसल्यास एक मार्ग यंत्रातच आहे. टिंबवाल्या कोबो फोल्डरच्या आत आणखी एक कोबो फोल्डर असतं, त्यात ‘कोबो ई-रीडर’ नावाची ‘कॉन्फ’ फाइल असते. ती साध्या मजकूर-संपादकात उघडून ‘ॲप्लिकेशन प्रेफरन्सेस’ या चौकटी कंसातल्या विभागाखाली ‘साइडलोडेडमोड=ट्रू’ अशी ओळ घालायची. ती अर्थातच रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. ‘साइडलोडेड’ आणि ‘मोड’ची आद्याक्षरं मोठी. जतन करून, यंत्र नीट ‘इजेक्ट’ करून काढलं की खातं न मागता ते थेट पुस्तकांच्या यादीवर येतं. शिवाय दुकानाच्या शिफारशीही नाहीशा होतात, त्यामुळे चालू खातं असलेल्यांनाही ही ओळ आवडावी.

नूकचं दुखणं मोठं आहे. त्याची काही जुनी मॉडेलं रिसेटनंतर लॉगिन झाल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. त्याच्यावर तर रिसेटचा विचारही नको.

इंटरनेटशिवाय, पण हवेतून पुस्तकं

प्रमाणपत्रांचा सगळा गोंधळ सुरक्षित जोडणीत आहे. घरातल्या घरात साधी एचटीटीपी जोडणी वापरली तर तो प्रश्नच येत नाही. कोविद गोयल यांचं कॅलिबर हे ई-पुस्तकं सांभाळणारं मोफत सॉफ्टवेअर संगणकावर टाका, त्यात ‘कनेक्ट/शेअर’मधून कंटेंट सर्व्हर सुरू करा. मग ई-रीडरच्या ब्राउझरमध्ये संगणकाचा स्थानिक आयपी पत्ता, अपूर्णविराम (:), 8080, तिरकी रेघ आणि ‘मोबाइल’ असं टाइप करा. शेवटचा ‘मोबाइल’ महत्त्वाचा आहे: त्याशिवाय जे पान उघडतं ते आजच्या ब्राउझरसाठी केलेलं आहे, जुन्या यंत्रावर ते कोरं दिसतं. ‘मोबाइल’ पान साधं आहे, यादी दिसते, पुस्तकावर टिचकी मारली की उतरतं.

पान उघडलंच नाही तर संगणकाची फायरवॉल 8080 ला अडवतेय का पाहा आणि दोन्ही यंत्रं खरंच एकाच नेटवर्कवर आहेत ना याची खात्री करा. हा सर्व्हर राउटरमधून बाहेरच्या जगाला उघडा करू नका. त्याच न्यायाने, ज्या यंत्राला वर्षानुवर्षं सुरक्षा अपडेट नाही त्याच्या ब्राउझरमध्ये कुठलाही पासवर्ड टाकू नका.

पुस्तकाच्या फाइलचा प्रकार (फॉरमॅट): किंडलला ‘मोबी’ किंवा ‘एझेडडब्ल्यू 3’ द्या, फार जुन्या किंडलना फक्त ‘मोबी’. बाकीच्यांना ‘ईपब’. रूपांतर कॅलिबरच करून देतं.

देवनागरी वाचणाऱ्यांची अडचण इथे येते. जुन्या फर्मवेअरला जोडाक्षरं जुळवता येत नाहीत, वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते, ‘क्ष’ फुटून पाय मोडलेला ‘क’ आणि ‘ष’ वेगळे दिसतात. फाँट बदलून हे सुटत नाही, कारण दोष अक्षरं जुळवणाऱ्या इंजिनात आहे. यावर साधा उपाय पीडीएफचा, पण पान ए 4 नको. सहा इंची पडद्याचं मोजमाप साधारण 9 सेंटीमीटर रुंद आणि 12 उंच येतं. कॅलिबरमध्ये पानाचा आकार तेवढा धरून, समास अगदी थोडे ठेवून, मोठ्या अक्षरात पीडीएफ करा. पीडीएफमध्ये अक्षरं आधीच जुळवून बसवलेली असतात, यंत्राने फक्त दाखवायची. अक्षराचा आकार नंतर बदलता येत नाही, ही त्याची मर्यादा.

पक्का उपाय केओरीडर. हे मुक्त वाचन-सॉफ्टवेअर स्वतःचं अक्षरजुळणी इंजिन घेऊन येतं, त्यामुळे यंत्र 2012 चं असलं तरी देवनागरी नीट दिसते. कॅलिबरशी वायरलेस जोडणीही त्यात आहे. कोबोवर ते बसवायला काही तोडफोड लागत नाही. किंडलवर मात्र आधी जेलब्रेक करावा, म्हणजे कंपनीने घातलेली बंधनं काढावी लागतात आणि जेलब्रेकची पद्धत मॉडेल व फर्मवेअरच्या आवृत्तीवर ठरते. म्हणून आधी सेटिंग्जमध्ये आवृत्ती पाहून लिहून ठेवा आणि विमान मोड चालू करा. केओरीडर बसवूनही उघडत नसेल तर बहुधा पॅकेज चुकलेलं असतं: किंडल 2, डीएक्स आणि कीबोर्डसाठी ‘लेगसी’, किंडल 4, टच आणि पहिल्या पेपरव्हाइटसाठी साधं ‘किंडल’, दुसऱ्या पेपरव्हाइटपासून पुढे वेगळं.

वाचनापलीकडे

भिंतीवरचं कॅलेंडर, हवामान, आजची कामं यांसाठी जुन्या किंडलचा पडदा उत्तम, उन्हातही दिसतो आणि डोळ्यांवर उजेड मारत नाही. जेलब्रेकनंतर ‘ईआयपीएस’ ही आतलीच आज्ञा एखादं पीएनजी चित्र थेट पडद्यावर टाकते. चित्र संगणकावर किंवा सर्व्हरवर तयार करायचं, यंत्राने ते ठरावीक वेळाने आणून दाखवायचं, एवढंच.

चित्र तिरप्या पट्ट्यांमध्ये फाटल्यासारखं किंवा तीन-तीन वेळा शेजारी दिसत असेल, तर यंत्र बिघडलेलं नाही, चित्राचा प्रकार चुकलाय. ते 8-बिट राखाडी हवं, रंगीत नको, पारदर्शकतेचा थर नको, आणि माप पडद्याइतकंच हवं: किंडल 4 ला 600 गुणिले 800, पहिल्या पेपरव्हाइटला 758 गुणिले 1024. आडवं लावायचं असेल तर चित्र पाठवण्याआधीच फिरवून घ्या. मागच्या चित्राची सावली उरत असेल तर नवं टाकण्याआधी पडदा एकदा पूर्ण कोरा करा. थोड्या वेळाने किंडलचं स्वतःचं झोपेचं चित्र वर येत असेल तर पॉवर व्यवस्थापकाला स्क्रीनसेव्हर थांबवायला सांगावं लागतं.

बॅटरी खातं ते वाय-फाय, पडदा नव्हे. दर पाच मिनिटांनी तापमान बघून कुणाचं काही अडत नाही. तासातून एकदा यंत्र जागं करून चित्र घेऊन परत झोपवलं तर एक चार्ज खूप लांब पुरतो. कायम चार्जरला टांगून ठेवणं मी टाळतो: जुनी बॅटरी सतत पूर्ण भरलेली ठेवली की लवकर फुगते.

जेलब्रेक नकोच असेल तर कोबोवर एक सोपी वाट आहे. फर्मवेअर पुरेसं नवं असेल तर टिंबवाल्या फोल्डरमध्ये ‘स्क्रीनसेव्हर’ नावाचं फोल्डर करून त्यात चित्र टाका. यंत्र झोपलं की तेच चित्र राहतं, तेही वीज न घेता. औषधांचं वेळापत्रक, वर्गाचं वेळापत्रक, महत्त्वाचे फोन नंबर, जे रोज बदलत नाही ते इथे छान बसतं. आणि किंडल डीएक्स कुणाकडे असेल तर तो फेकू नका. 9.7 इंची पडद्यावर पीडीएफ न कापता दिसते, संगीताच्या नोटेशनला याहून चांगला जुना ई-रीडर मला माहीत नाही.

दुसऱ्याला द्यायचा असेल तर

सवयीने आपण देताना रिसेट करून देतो. इथे तसं केलं तर घेणाऱ्याच्या हातात बंद दार पडतं. त्याऐवजी बॅकअप घेऊन आपली पुस्तकं, टिपा आणि वाय-फायचे पासवर्ड एकेक करून पुसा. कोबोवर आधी साइडलोडेड मोड लावा, बटणांच्या किंडलवर नोंदणीविना पुस्तक उघडतंय हे त्याच मॉडेलबद्दल खात्रीने माहीत असेल तरच नोंदणी रद्द करा. मग एक कुलूप नसलेलं पुस्तक टाकून, विमान मोडमध्ये, बंद करून पुन्हा सुरू करून उघडतंय का ते पाहा. सोबत डेटाची केबल द्या, आणि मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती आणि ‘रिसेट करू नये’ एवढं एका चिठ्ठीवर लिहून मागच्या बाजूला चिकटवा.